मोठी ऑफरोड गाडी बदलायची आहे : उपयुक्तता किती पाहावी आणि ऐषाराम किती?

प्रश्न

नमस्कार. गेली बारा वर्षे मी चासीवर (लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, सात आसनी, डिझेलवर चालणारी फोर बाय फोर गाडी वापरत आहे. आजवर ती २,६०,००० किलोमीटर चालली असून एकदा क्लच, एकदा टर्बो आणि दोनदा पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलण्यापलीकडे तिने मला विशेष त्रास दिलेला नाही. आता मात्र तिची चासी मागच्या बाजूने गंजू लागली आहे, आणि तिच्यावर आणखी मोठा खर्च करण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, असे घरात ठरले आहे.

अडचण अशी आहे की मनात असलेल्या गाडीचे सर्वांत वरचे मॉडेल आणि मधले मॉडेल यांपैकी एक निवडताना माझा निर्णय काही केल्या होत नाही. वरच्या मॉडेलमध्ये एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), २० इंची रिम, गार हवा सोडणाऱ्या चामडी सीट, संपूर्ण काचेचे छत, चारही बाजूंचे कॅमेरे आणि अतिशय शांत केबिन आहे. मधल्या मॉडेलमध्ये साधे कॉइल स्प्रिंग, १८ इंची रिम आणि कापडी सीट असून मागच्या ॲक्सलला डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) मात्र दोन्हींत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि लो रेंज (कठीण वाटेसाठीचे कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) तेच आहेत. किमतीतला फरक मोठा असला तरी दोन्ही आवाक्यात आहेत, त्यामुळे पैशाने हा प्रश्न सुटत नाही.

माझा वापर वर्षाला साधारण २०,००० किलोमीटर आहे. त्यातले तीन चतुर्थांश अंतर चांगल्या रस्त्यावर होते आणि उरलेले खडी, चिखल, नदीपात्र आणि क्वचित वाळू यांतून होते. वर्षातून दोन मोठे प्रवास आम्ही सगळे मिळून करतो. त्या वेळी मागे १,८०० किलोचा ट्रेलर असतो. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे उंच गाडीत चढणे तिला कठीण जाते, आणि एअर सस्पेन्शनने गाडी खाली बसते हे कळल्यापासून माझे मन वरच्या मॉडेलकडे झुकले आहे. दुसरीकडे, जिथे मदत यायला दोन दिवस लागतात अशा ठिकाणी ही सगळी यंत्रणा घेऊन जाणे शहाणपणाचे आहे का, ही शंका जात नाही. ज्यांनी असा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगावा, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण वापराचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तराची सुरुवात वजनापासूनच करावी लागेल. गाडी निवडताना लोक अश्वशक्ती पाहतात, टॉर्क पाहतात, पाण्यात किती खोल जाते ते पाहतात. पण भरलेल्या गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक, म्हणजे गाडी कायद्याने आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने किती भार वाहू शकते, हा आकडा फार थोडे लोक पाहतात. वरच्या मॉडेलमध्ये काचेचे छत, सीटमधल्या मोटारी, जाड काचा आणि आवाज अडवणारे थर यांचे वजन वाढत जाते आणि कमाल मर्यादा बहुधा तीच राहते. म्हणजे प्रत्येक सुखसोयीचे वजन आपल्या सामानाच्या वाट्यातून वजा होते.

समजा, दोन्ही मॉडेलांची कमाल मर्यादा ३,२५० किलो आहे, मधले मॉडेल रिकामे २,४५० किलोचे आहे आणि वरचे २,६२० किलोचे. पहिल्यात ८०० किलो भार बसतो, दुसऱ्यात ६३०. आता आपल्या मोठ्या प्रवासाचा हिशेब मांडू. पाच माणसांचे ३१० किलो धरा. १,८०० किलोच्या ट्रेलरचा हुकवर येणारा दाब साधारण दहा टक्के म्हणजे १८० किलो असतो, आणि तो गाडीच्या भारातच मोजावा लागतो. ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. दुसरी स्टेपनी ३५, दोर, शॅकल, फावडे, जॅक वगैरे २५. लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) बसवले असेल तर आणखी १००. ही बेरीज ७१० होते. वरच्या मॉडेलची मर्यादा इथेच ८० किलोने ओलांडली गेली, आणि अजून कपडे, अंथरूण, शीतपेटी हे काहीच धरलेले नाही. त्यांचे ८५ किलो धरले तर मधल्या मॉडेलमध्येही केवळ ५ किलो उरतात.

माहितीपत्रकातला आकडा वाचताना आणखी एक खबरदारी घ्यावी. रिकाम्या वजनाची व्याख्या सगळीकडे सारखी नसते. युरोपीय पद्धतीत टाकी ९० टक्के भरलेली आणि ७५ किलोचा चालक धरलेला असतो, तर ऑस्ट्रेलियात ज्याला टेअर वजन म्हणतात त्यात केवळ १० लिटर इंधन धरतात. टाकी ११० लिटरची असेल तर उरलेल्या १०० लिटर डिझेलचे वजनच ८४ किलोच्या आसपास जाते. म्हणून दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच व्याख्येने मोजलेले आहेत ना, हे विचारून घ्यावे.

माझी स्वतःची गाडी मी पाच वर्षे अंदाजाने भरत होतो. एका प्रवासाआधी सहज म्हणून ट्रकच्या वजनकाट्यावर नेली, तेव्हा ती मर्यादेपेक्षा १९० किलोने जड निघाली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर दर दोन वर्षांनी का गळतात आणि मागची टायर कडेने का झिजतात, याचे कारण मला त्या कागदाच्या चिठ्ठीवर छापलेले मिळाले. आपली सध्याची गाडी विकण्याआधी नेहमीच्या मोठ्या प्रवासाइतकी भरा आणि काट्यावर न्या, असा माझा आग्रह आहे. जुनी गाडी असली तरी सामान तेच राहणार आहे.

दुसरा प्रतिसाद

मी वीस वर्षे मोठ्या फोर बाय फोर गाड्यांची दुरुस्ती करतो. एअर सस्पेन्शनबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही अपुरी आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ही यंत्रणा मुळात नाजूक नसते, तिच्याकडे दुर्लक्ष झाले की ती बिघडते. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकावर रबराचा हवेचा फुगा असतो, त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असतो, हवा वाटणारा व्हॉल्व्हचा ठोकळा असतो आणि ओलावा शोषणारी ड्रायरची डबी असते. वर्षानुवर्षे घड्या पडून आणि उघडून फुग्याच्या रबराला बारीक भेगा जातात, किंवा घडीत वाळूचा खडा अडकून तिथे घासतो. सुरुवातीची गळती इतकी सूक्ष्म असते की ती कळतसुद्धा नाही. सकाळी गाडी एका कोपऱ्यात दोन बोटे खाली झुकलेली दिसते आणि सुरू केल्यावर पुन्हा सरळ होते, म्हणून मालक तिकडे काणाडोळा करतो. मधल्या काळात ती गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते, ड्रायर ओलावा शोषून भरून जातो आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. फुगा वेळीच बदलला असता तर एका भागावर निभावले असते, तिथे तीन भाग जातात.

तपासणी अगदी साधी आहे. गाडी सर्वांत वरच्या उंचीवर न्यावी, म्हणजे घड्या उलगडतात, आणि फुग्यावर साबणाचे पाणी फवारावे. मागच्याच महिन्यात एका गाडीचा डावा मागचा फुगा असा तपासत होतो. पहिले मिनिटभर काहीच दिसेना. मग खालच्या घडीच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा उठला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उठला. त्या घडीत बोट फिरवल्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खडीचा कण निघाला. मालकांचे म्हणणे असे होते की गाडी सहा महिन्यांपासून कधीकधी झुकत होती.

आता याची दुसरी बाजू. भार कमी-जास्त झाला तरी गाडीची पातळी समान राहणे, ट्रेलर जोडल्यावर मागचा भाग न दबणे, हमरस्त्यावर खाली बसून वाऱ्याचा विरोध कमी करणे, हे फायदे खरे आहेत. पण एका गोष्टीची जाणीव ठेवावी. गाडी सर्वांत वर उचलली की चाकाला खाली लोंबायला अंतर कमी उरते. त्यामुळे त्या उंचीवर गाडी ताठ होते आणि खाचखळग्यात चाक लवकर अधांतरी लटकते. पोटाखाली जागा मिळते, पण चाकाची हालचाल त्या प्रमाणात मिळत नाही. समोरासमोरच्या फुग्यांतली हवा आपसांत जोडून ही उणीव काही प्रमाणात भरून काढणाऱ्या यंत्रणा आहेत. आपण पाहत असलेल्या गाडीत तशी सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

मदतीपासून दोन दिवस दूर असताना फुगा फुटला तर काय होते, हा आपला खरा प्रश्न आहे. गाडी त्या कोपऱ्यात रबरी ठोकळ्यावर बसते. हळूहळू, दहा-पंधराच्या वेगाने ती चालवता येते, पण खडबडीत वाटेवर टायर मडगार्डला घासतो आणि पुढचे नुकसान होते. उलट, कॉइल स्प्रिंग तुटला तरी तुटलेल्या टोकांवर गाडी बसून राहते आणि बहुतेक वेळा घरापर्यंत येते. एअर सस्पेन्शन घेणारच असाल तर एक फुगा आणि कॉम्प्रेसरचा रिले (त्याचा विजेचा स्विच) सोबत ठेवा, आणि तो फुगा बदलायला एकदा अंगणात स्वतः शिकून घ्या.

तिसरा प्रतिसाद

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून मला वाटले की दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली जावी. मी कामानिमित्त दरमहा तीन-चार हजार किलोमीटर एकटी गाडी चालवते आणि चार वर्षांपूर्वी साध्या मॉडेलवरून वरच्या मॉडेलकडे आले आहे.

ऐषाराम हा शब्द आपण सगळे जरा संकोचाने वापरतो, जणू कठीण वाटेवर जाणाऱ्या माणसाने तो मागूच नये. मला हे पटत नाही. नऊ तास गाडी चालवून झाल्यावर शेवटचे तीस किलोमीटर खराब वाटेचे असतात, आणि गाडीच्या सगळ्या क्षमतेची परीक्षा तिथेच होते. त्या वेळी माझी पाठ आखडलेली असेल, कानांत टायरांचा घुमणारा आवाज भरलेला असेल, तर समोरचा दगड मला उशिरा दिसतो आणि चाक कुठे ठेवायचे हा निर्णय चुकतो. जुन्या गाडीत मी असाच एकदा टायरचा साइडवॉल (बाजूची भिंत) फाडून घेतला होता. तो दगड काही लपलेला नव्हता, मीच थकलेली होते. मांडीखालचा आधार पुढे-मागे करता येणारी सीट, कंबरेचा आधार, शांत केबिन आणि चांगले हेडलाइट यांना म्हणूनच मी सुरक्षेची साधने मानते.

चारही बाजूंच्या कॅमेऱ्यांकडे मी आधी शोभेची वस्तू म्हणून पाहत असे. चढाच्या माथ्यावर पोहोचल्यावर काचेतून फक्त आकाश दिसते आणि वाट डावीकडे वळते की उजवीकडे हे कळत नाही. पूर्वी प्रत्येक वेळी उतरून पाहून यावे लागे. आता पुढच्या कॅमेऱ्यात चाकापुढची जमीन दिसते. खोल घळ असेल तर मी आजही उतरतेच, पण दिवसातून वीस वेळा उतरण्याची गरज उरलेली नाही. चामड्याच्या सीटचेही तसेच आहे. कापडात चिखल मुरतो आणि वास धरतो. चामड्यावरून तो ओल्या फडक्याने निघतो.

इतिहासातही या दोन गोष्टी नेहमीच एकमेकींविरुद्ध उभ्या नव्हत्या. १९७० साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांच्या जागी लांब हालचालीचे कॉइल स्प्रिंग आणि चारही चाकांना कायम मिळणारी शक्ती होती. त्या स्प्रिंगांनी हमरस्त्यावर आराम दिला आणि खडकाळ वाटेवर चाकांना जमीनही सोडू दिली नाही. त्याच गाडीची अंतर्सजावट मात्र पाण्याने धुता येईल अशी साधी, प्लास्टिकची होती. मर्सिडीजच्या जी क्लासने २०१८ च्या नव्या आवृत्तीत पुढचा अखंड ॲक्सल सोडून स्वतंत्र सस्पेन्शन घेतले, स्टीअरिंग नेमके केले, आणि तरीही तिन्ही डिफरन्शियल लॉक कायम ठेवले. १९८४ पासून बनत असलेली लँड क्रूझर ७० मालिका आजही साधेपणासाठी दूरदूरच्या प्रदेशांत पसंत केली जाते, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण रोज तीनशे किलोमीटर हमरस्त्यावर चालवण्यासाठी मी तिची निवड करणार नाही.

काचेच्या छताबद्दल मात्र मला एकही चांगला शब्द लिहिता येत नाही. उन्हात केबिन तापते, वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी वाढते, आणि माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तर काचेचे छत असलेल्या मॉडेलसाठी टपावरच्या भाराची मर्यादाही कमी दिलेली आहे. काचेचे छत नसलेला पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा.

चौथा प्रतिसाद

चर्चेत रिमचा विषय निसटतो आहे, म्हणून लिहितो. दोन्ही मॉडेलांत बाकी सगळे समान असते तरी केवळ २० इंची रिममुळे मी मधले मॉडेल सुचवले असते.

हिशेब करून पाहा. २६५/६५ आर १८ या टायरच्या भिंतीची उंची १७२ मिलिमीटर होते. २६५/५५ आर २० या टायरची बाहेरची उंची जवळपास तितकीच, पण भिंत १४६ मिलिमीटर. हा २६ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसायला किरकोळ वाटतो. खराब वाटेवर मात्र टायरची हीच भिंत काम करते. खडीवर ३५ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) २६–२८ वर आणि वाळूत १६–१८ वर हवा उतरवली की टायर लांबीने जमिनीवर पसरतो, दगडाभोवती वाकतो आणि रुतत नाही. भिंत जितकी बुटकी, तितकी हवा उतरवायला वाव कमी आणि दगडावर आदळून रिम वाकण्याची किंवा भिंत चिमटून फाटण्याची शक्यता जास्त. हवा उतरवल्यावर वेगही उतरवायचा आणि पक्का रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, हे आपल्याला माहीत असेलच.

वरच्या मॉडेलला १८ इंची रिम नंतर बसवू, असे विक्रेते सहज सांगतात. ते नेहमी शक्य नसते, कारण वरच्या मॉडेलच्या ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर मोठे असतील तर लहान रिम त्यांच्यावर बसतच नाही. सही करण्यापूर्वी १८ इंची रिम प्रत्यक्ष चढवून, चाक हाताने पूर्ण फिरवून दाखवायला सांगा. दुर्गम भागात कोणत्या मापाची टायर मिळतात याचीही चौकशी करा. १७ आणि १८ इंची, जाड भिंतीची मापे सहसा अधिक ठिकाणी सापडतात. स्टेपनी पूर्ण मापाची आहे ना, हे डिकी उघडून स्वतः पाहा. काही वरच्या मॉडेलांत जागा वाचवण्यासाठी बारीक स्टेपनी देतात, आणि ती खडीच्या वाटेवर उपयोगाची नसते.

आपल्या आईंच्या अडचणीबद्दलही एक सुचवतो. एअर सस्पेन्शन चढण्यासाठी गाडी सुमारे चार-पाच सेंटीमीटर खाली आणते. चासीला बोल्टने जोडलेली, अंगाबरोबर असलेली भक्कम पायरी जमिनीपासून दारापर्यंतच्या चढाचे दोन भाग करते, आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी तो फरक कितीतरी मोठा असतो. सोबत दाराच्या खांबावर पकडायला मूठ हवी. पातळ ॲल्युमिनियमची पायरी घेऊ नका, ती पहिल्याच दगडावर वाकून दार अडवते. आणि दार उघडताच आपोआप बाहेर येणारी विजेवरची पायरी चिखल वाळला की अडकते. खडकावरून घसरताना बॉडीला वाचवणारे, पण वरून पाय ठेवता येईल इतके रुंद स्लायडर मिळतात, ते पाहावेत. पायरीमुळे दोन चाकांमधल्या उंचवट्यावरून जाण्याचा कोन थोडा कमी होतो, तेवढे सोसावे लागेल.

पहिल्या प्रतिसादकाची पुरवणी

एक मुद्दा राहिला होता. एकूण वजन मर्यादेत असले तरी मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी पाहावी लागते. हुक ॲक्सलच्या मागे असल्यामुळे तिथला दाब तरफेसारखा काम करतो. हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलांतले अंतर २.८५ मीटर असेल, तर हुकवरच्या १८० किलोंचा मागच्या ॲक्सलवर सुमारे २५६ किलो भार येतो आणि पुढचा ॲक्सल ७६ किलोने हलका होतो. म्हणून स्टीअरिंग हलके वाटू लागते. एअर सस्पेन्शन गाडी समतल दाखवते, पण ॲक्सलवरचा हा भार त्याने कमी होत नाही. समतल दिसणाऱ्या गाडीवर विसंबून लोक जास्त सामान भरतात, असे मी पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन आठवड्यांत सुचवलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मी करून पाहिल्या.

प्रथम जुनी गाडी प्रवासासारखी भरून, ट्रेलर जोडून वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग मागची, ट्रेलरची चाके बाहेर ठेवून. भार एकूण ७६० किलो निघाला. मी घरी कागदावर ६०० लिहून गेलो होतो. फरक कुठून आला हे शोधताना मागच्या सीटखालची हत्यारांची पेटी उघडली, तर तिच्यात जुना क्लच, दोन वापरलेली ब्रेक डिस्क आणि कधीकाळी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेली साखळी निघाली. ही एक पेटीच ४२ किलोची होती. ती आता घरी राहील, तरीही ७०० च्या वरच आकडा राहतो आणि वरच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात तो बसत नाही.

त्यानंतर आईला घेऊन दोन्ही गाड्या पाहायला गेलो. वरचे मॉडेल पूर्ण खाली बसवल्यावरही तिने पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मधल्या मॉडेलला विक्रेत्यांनी दुसऱ्या गाडीची पायरी तात्पुरती खाली धरून दाखवली, तेव्हा ती खांबाची मूठ धरून, मध्ये एकदा थांबून, कोणाचा हात न घेता चढली. पुढचा निर्णय मला फारसा करावाच लागला नाही.

तिसऱ्या प्रतिसादातल्या मुद्द्यांचाही माझ्यावर परिणाम झाला आहे. मी मधले मॉडेल घेत आहे, पण कंबरेचा आणि मांडीचा आधार असलेली चालकाची सीट, चारही बाजूंचे कॅमेरे आणि चांगले हेडलाइट हा संच त्यावर वेगळा मिळतो, तो घेतला आहे. काचेचे छत त्यात नाही. कापडी सीटवर धुता येतील अशी जाड कॅनव्हासची कव्हर शिवून घेणार आहे. लोखंडी बंपरचा विचार तूर्त सोडला आहे, कारण त्यामागच्या रडारचे आणि पार्किंग सेन्सरचे काय होईल याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही, आणि १०० किलो वाचतात ते वेगळेच. दरवाजे आणि मजला यांत आवाज अडवणारे थर नंतर बसवून घेता येतात, असे कळले. ते किती वजनाचे असतात आणि चार-पाच तासांच्या प्रवासात त्यांनी खरोखर किती फरक पडतो, हे कोणी स्वतः बसवून पाहिले असल्यास कृपया सांगावे. गाडी हाती आली की ती रिकामी आणि भरलेली अशी दोनदा काट्यावर नेऊन दोन्ही ॲक्सलांचे आकडे इथे लिहीन.